टँकरमागून आलेली करवली

"गाडी म्हंजे दुभती म्हस असती पोरी! परक्याचा हात लागला की पान्हा चोरती. तिला घरच्याच माणसाचा हात पायजे!"

हे वाक्य बॉनेटच्या पोटातून आलं. बाहेर दिसत होते ते फक्त आकाराम मामांचे दोन पाय आणि खाकी अर्धी चड्डी. वरचा सगळा ऐवज इंजिनात होता.

सृष्टी हातात चहाचा कप घेऊन बाजूला उभी होती. सासऱ्यांना चहा द्यायचा तर नेमका कुठून द्यायचा, हे तिला कळेना.

खरं तर गाडी तिची होती. नवरा, उदयसिंह, फौजेत. पार वरच्या मुलखात. सुट्टीला आला तेव्हा बायकोला नोकरीवर जाता-यायला सोयीची म्हणून त्यानं ही छोटी लाल गाडी घेऊन दिली आणि तो परत गेला. चावी सृष्टीच्या हातात पडली ती जेमतेम आठवडाभर. मग ती मामांच्या खिशात गेली आणि तिथेच राहिली. मामा स्वतः निवृत्त फौजी. "आपुन गाड्यांच्या युनिटला होतो!" हे शिराळ्यातल्या प्रत्येक पारावर त्यांनी सांगून ठेवलेलं. ते खोटंही नव्हतं. युनिट गाड्यांचंच होतं. मामा तिथे लंगरखान्यात होते. सगळी नोकरी त्यांनी आमटी ढवळण्यात काढली, पण ढवळता ढवळता खिडकीतून गाड्यांची दुरुस्ती दिसायची, आणि तेवढ्यावर त्यांचा अभ्यास पूर्ण झाला.

राहिलेली कसर मोबाइलनं भरून काढली. 'स्वतःची गाडी, स्वतःचा पाना' नावाच्या गाडीमालकांच्या ग्रुपवर मामा होते. या ग्रुपमध्ये मेकॅनिकला प्रवेश नव्हता. का, तर तो माणसाला घाबरवतो!

आठवडाभर मामांनी गाडीचं सर्व्हिसिंग चालवलं होतं. बॅटरीची टोकं घासायला घरातला खायचा सोडा गेला. एअर फिल्टर धुऊन दोरीवर वाळत पडला, मामांचा बनियन आणि सासूबाईंचं लुगडं यांच्या मधोमध. सासूबाईंचं नाव बनुबाई. नवऱ्याबरोबर संसार करून करून त्यांच्या चेहऱ्याला एक कायमची सुरकुती पडली होती, ती फक्त थोडी खोल झाली.

सृष्टीला मात्र काळजी होती. कारण दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचा, जयराजचा, साखरपुडा होता. मुलगी जतकडची, सोनिया नावाची. गावाबाहेर वस्तीवर घर. सांगलीहून माहेरची सगळी मंडळी पहाटेच परस्पर जाणार होती. पण नवऱ्या मुलीला नेसवायची साडी सृष्टीकडे होती, कारण तिचा ब्लाउज शिराळ्यात शिवायला टाकला होता. साडी पोचल्याशिवाय मुलगी पाटावर बसणार कशी? आणि साडी नेसवायचा मान करवलीचा, म्हणजे सृष्टीचाच.

"मामा," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "उद्या आपण वडापच्या जीपनं गेलो तर? गाडीला पण जरा आराम."

इंजिनातून डोकं बाहेर आलं. नाकाच्या शेंड्यावर काळं ग्रीस.

"वडापनं? घरात स्वतःच्या हातानं सर्व्हिसिंग केलेली गाडी असताना? आगं, विमानासारखी जाईल!"

विमानाची उपमा तिला अजिबात आवडली नाही.

सकाळी निघाले. मामा चालवायला, शेजारी बनुबाई, आणि मागे सृष्टी. अंगावर मोरपिशी रेशमी साडी, केसात गजरा, मांडीवर खोक्यात नवऱ्या मुलीची साडी. ऊन असं की डोळे उघडवेनात. तिनं हळूच एसीचं नाव काढलं.

"एसी लावला की इंजिनावर लोड येतो," मामा म्हणाले. "ग्रुपवर सगळ्यांचं एकमत हाय. चारी काचा खाली करा!"

चारी काचा खाली झाल्या. इस्लामपूर येईपर्यंत गजरा कोमेजला. सांगली मागे पडेस्तोवर केस असे उभे राहिले की करवली नव्हे, विजेचा झटका बसलेली बाई वाटावी. पण गाडी मात्र खरंच छान चालली होती. मामा गात होते. मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग विरळ होत होत संपला आणि नुसतं माळरान सुरू झालं.

आणि तिथेच गाडीला उचकी लागली.

एक उचकी. दुसरी उचकी. मग गाडीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन शांत झाली.

"काय न्हाई," मामा म्हणाले. "कचरा आला आसंल."

त्यांनी चावी फिरवली. खर्रर्र! पुन्हा फिरवली. खर्रर्रर्र! मामा काही हार मानणारे नव्हते. शत्रूला उसंत द्यायची नाही या तत्त्वावर त्यांनी ती चावी एवढ्या वेळा फिरवली की खर्रर्रचं खर्र झालं, खर्रचं टिक झालं, आणि शेवटी टिकही बंद पडलं.

"बॅटरी गेली की मामा!" सृष्टी ओरडली.

"गेली न्हाई. झोपली."

बॅटरी झोपली आणि तिच्याबरोबर हॉर्न झोपला, समोरचे सगळे काटे-दिवे झोपले, आणि चारी उघड्या काचा उघड्याच राहिल्या. वाऱ्याबरोबर माळावरची तांबडी माती आत येऊ लागली. सृष्टीनं खोक्यावर पदर घातला.

मामांनी बॉनेट उघडलं. ही चूक फार मोठी होती! रस्त्यावर उघडं बॉनेट दिसलं की आपल्याकडे कुठलाही गाडीमालक थांबल्यावाचून पुढे जात नाही. पहिला थांबला तो म्हणाला, डिस्ट्रीब्युटर. दुसरा म्हणाला, ह्या गाडीला डिस्ट्रीब्युटर नसतोच, फ्यूज गेलाय. तिसऱ्यानं कान लावून इंजिन ऐकलं. बंद इंजिन! आणि मान हलवून सांगितलं, "बेल्ट." चौथा बुलेटवर होता. त्यानं कशालाच हात न लावता निदान केलं: "उंदीर. वायर खाल्ली. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत असाच निघाला."

एवढं सांगून चौघंही आपापल्या चालू गाड्यांवर बसून निघून गेले.

इकडे मामांनी ग्रुपवर फोटो टाकलेला. मोबाइल टुणटुण वाजू लागला.

"सेकंड गिअर टाकून धक्का मारा म्हनत्यात!"

सासूनं लुगडं आणि सुनेनं रेशमी साडी खोचून धक्का मारला. चढ होता. गाडी वीतभर पुढे गेली आणि हातभर मागे आली.

"आता म्हनत्यात, धक्का अजिबात मारू नका, इंजिनाचं वाटोळं हुतं."

"आवं, मग आदी का न्हाई सांगितलं त्यांनी?" बनुबाई धापा टाकत म्हणाल्या.

"ते दुसरे हायेत. ह्ये तज्ज्ञ हायेत."

सृष्टीनं जयराजला फोन लावला. रेंज येत होती, जात होती.

"ताई! कुठं आहेस? सगळे थांबलेत! सोनिया तयार होऊन बसलीय, फक्त साडी..."

"अरे, गाडी बंद पडलीय!"

"आणि इथं वेगळीच बोंब! पाण्याचा टँकर नाही आला. आचारी म्हणतो, भाताला पाणी नाही तर मी चाललो..."

"तुझ्या टँकरचं मला काय सांगतोस?" सृष्टीचा आवाज चढला. "इथं मी उन्हात..." फोन तुटला.

आणि लगेच समोरून नव्हे, मागून, धडधडत एक टँकर आला. तोंडापर्यंत भरलेला. मागच्या तोटीला चिंधी बांधलेली आणि चिंधीतून पाणी पिचकारीसारखं उडत असलेला. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी फौजी पद्धतीनं हात आडवा केला. टँकर थांबला. आतून एका तरण्या ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. तौसीफ त्याचं नाव.

"काय झालं चाचा?"

"टोचन! वढत न्या, जतच्या गॅरेजपर्यंत!"

"नेतो की. पर मधी एका ठिकानी पानी टाकायचंय. लोक वाट बगत्यात. मग गॅरेज."

"आधी पाणी?" सृष्टी कळवळून म्हणाली. "भाऊ, आम्हाला खूप उशीर झालाय!"

"ताई, तिथं तर मानसं हंडे घिऊन बसलीत!"

तौसीफनं दोर काढला. दोर कुठे बांधायचा यावर मामांनी ग्रुपला विचारलं. ग्रुपचं बहुमत बंपरच्या बाजूनं पडलं. बांधला बंपरला.

"पोरी, तू स्टेरिंगला बस," मामांनी हुकूम सोडला. "चावी फिरवून ठेव, न्हाईतर स्टेरिंग लॉक हुतंय. गिअर न्यूट्रल. मी म्होरं ड्रायव्हरशेजारी बसतो. खिडकीतनं हातानं इशारे करतो. तू फकस्त माज्या हाताकडं बगायचं."

"इशाऱ्यांचा अर्थ काय मामा?"

"समजतोय की! फौजेतलंच इशारे हायेत!"

आणि मामा टँकरच्या केबिनमध्ये चढले. सृष्टीनं स्टेअरिंग घट्ट धरलं. बनुबाई खोकं छातीशी धरून शेजारी बसल्या. टँकर गुरगुरला, दोर ताणला गेला, एक झटका बसला आणि...

टँकर निघाला. दोर निघाला. बंपरही निघाला!

गाडी मात्र जागची हलली नाही.

टँकरमागे तो लाल बंपर खडखड करत, उड्या मारत चालला होता. पुढच्या खिडकीतून मामांचा हात बाहेर आला आणि त्यानं ऐटीत दोन गोल फिरवले.

"काय म्हनतोय त्यो हात?" बनुबाईंनी विचारलं.

"बहुतेक सगळं ठीक आहे म्हणतोय," सृष्टी म्हणाली आणि तिनं कपाळ स्टेअरिंगवर टेकलं.

हॉर्न नाही. हाका मारून घसा बसला. टँकर पार वळणाआड गेला. बऱ्याच वेळानं तो परत आला, कारण एका शेरडं राखणाऱ्या बाईनं ओरडून मामांना विचारलं होतं की हे लाल काय ओढत निघालाय. मामा उतरले तेव्हा जरासुद्धा ओशाळलेले नव्हते.

"म्हंजे बंपर कच्चा हाय," ते म्हणाले. "बरं झालं, आत्ताच कळलं!"

बंपर मागच्या सीटवर आडवा घातला. या वेळी दोर गाडीखालच्या लोखंडी कडीला बांधला, आणि वरात खरोखरच निघाली.

टोचन म्हणजे काय असतं हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल! दोर ताणला की मान मागे, ढिला पडला की मान पुढे. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा घट्ट. सृष्टी त्याच्यावर अक्षरशः उभी राहत होती. आणि समोर, अगदी नाकासमोर, टँकरची ती गळकी तोटी! दर खड्ड्याला चिंधीतून पाण्याचा फवारा सुटायचा, वाटेत तांबडी धूळ सोबत घ्यायचा आणि उघड्या खिडक्यांतून आत यायचा. वायपर मेलेले. सृष्टीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघायला सुरुवात केली. मोरपिशी साडी आधी करडी झाली, मग विटकरी.

"आत्या, खोकं!"

"तू स्टेरिंग बग! खोकं माझ्याकडं हाय!" बनुबाईंनी खोकं लुगड्याच्या आत घेतलं आणि त्यावर स्वतः पालथ्या पडल्या. "मी भिजंन, पर साडीवर थेंब पडू द्येनार न्हाई!"

सृष्टीला एकदम भरून आलं. लग्नाला दोन वर्षं होत आली, पण सासूशी असं एका बाजूनं लढायची वेळ आली नव्हती.

"आत्या, तुम्ही इतकी वर्षं कसं सहन केलंत हो?"

"त्यांनी आमची शिवणाची मशीन दुरुस्त केली, तवाच मी सोडून दिलं," बनुबाई खोक्यावरूनच म्हणाल्या. "तवापास्नं मी हातानं शिवती."

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. जयराज!

"ताई, कुठपर्यंत आलीस?"

"टँकरच्या मागं आहे!"

"मग ओव्हरटेक कर की!"

"अरे, मी त्याला बांधलेली आहे! बांधलेली!"

मग तो हळूच म्हणाला, "ताई, ऊन लागलंय का तुला?" आणि रेंज गेली.

इतक्यात टँकरनं डांबरी रस्ता सोडला आणि तो एका कच्च्या वाटेला वळला. आता हा कुठल्या वस्तीवर नेणार, तिथले सगळे हंडे कधी भरणार, आणि साखरपुड्याची वेळ कधीच टळून गेलेली! मामांचा हात आता खिडकीतून नुसताच लोंबकळत होता. इशारा नव्हता तो. मामा झोपले होते.

वाट संपली तिथे एक मांडव दिसला. मांडवासमोर माणसांचा घोळका. टँकर दिसताच तिथे एकच गलका उठला.

"आले! आले!"

बायका धावत सुटल्या, पोरं धावत सुटली, एक आचारी पळी घेऊन धावत सुटला. आणि त्या गर्दीत सृष्टीला चक्क आपली आई दिसली! मग काका. मग, कुर्ता घातलेला, घामाघूम झालेला जयराज!

हीच ती वस्ती. हाच तो टँकर.

काही झालं तरी करवली आली होती. सृष्टीनं चिखलाच्या हातानं केस सारखे केले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि दार उघडून ती बाहेर उभी राहिली. गर्दी तिच्या अंगावर धावून आली... आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत तशीच तोटीकडे गेली! कळश्या, बादल्या, हंडे. एक बाई तर तिला म्हणाली, "सरक गं, नंबर लाव!"

पुढे मांडवाच्या तोंडाशी वेगळाच सोहळा चालला होता. सोनियाचे वडील, नानासो, केबिनच्या दाराशी उभे होते. दार उघडून मामा खाली उतरले, झोपेनं डोळे सुजलेले, पण मिशा ताठ.

"पाहुणं!" नानासोंनी हात जोडले. "तुमी सोता टँकर घिऊन आला व्हय?"

मामांनी टँकरकडे पाहिलं. गर्दीकडे पाहिलं. परिस्थितीचा अंदाज घ्यायला फौजी माणसाला कितीसा वेळ लागतो?

"म्हनलं," ते म्हणाले, "सोयऱ्याच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

नानासोंनी त्यांना मिठीच मारली! टॉवेल-टोपी आली, नारळ आला. तौसीफलाही चहा मिळाला. आणि सृष्टी, अंगभर चिखल, गजऱ्याची नुसती दोरी, अशी गाडीपाशी उभी होती. तिला काय काय बोलायचं होतं! पण समोर माहेर, बाजूला सासर, मधे होणारं व्याही घर. सगळं तिनं गिळलं. चव मातीची होती.

आत खोलीत बनुबाईंनी लुगड्यातून खोकं काढलं. साडी कोरडी ठणठणीत! सोनियानं साडीकडे पाहिलं, मग आपल्या होणाऱ्या नणंदेकडे पाहिलं आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अक्का, तुमी मला नेसवायला आलाय, का मी तुमाला नेसवू?"

शेवटी दोन्ही झालं. सोनियानं आपली जांभळी साडी काढून सृष्टीला नेसवली आणि मग सृष्टीनं सोनियाला. अंगठ्या घातल्या गेल्या. भात शिजला. सगळं उशिरा, पण झालं.

जेवणं आटोपल्यावर मामा पुरुषांना घेऊन गाडीपाशी गेले. "लय किचकट फॉल्ट हाय," ते सांगत होते. "चार जानकारांची चार मतं पडली. ग्रुपवर तर अजून चर्चा चालू हाय." नानासोंनी ट्रॅक्टर आणून बॅटरीला वायरी जोडल्या. गाडीतले दिवे लागले. सोनिया नव्या साडीत खिडकीशी वाकून बघत होती.

"आवं मामा," ती म्हणाली, "काटा पार खाली गेलाय की. पेट्रोल कवा घातलं हुतं?"

सगळे खिडकीशी वाकले. बेल्ट, फ्यूज, उंदीर, डिस्ट्रीब्युटर! आख्ख्या तालुक्यानं आणि आख्ख्या ग्रुपनं त्या इंजिनाचं सगळं काढलं होतं, पण त्याच्या पोटात अन्न आहे का, हे एकानंही विचारलं नव्हतं. सृष्टीनंही नाही! याचं तिला जास्त वाईट वाटलं.

"पण मामा," ती न राहवून म्हणाली, "लाल दिवा लागला असेल ना? दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की! मिरजेपासनं दिसत हुता," मामा म्हणाले. "मला वाटलं, पेटतोय म्हंजे बल्ब शाबूत हाय!"

कुणीतरी आपल्या मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून ओतलं. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात गाडी चालू!

"बगा!" मामांनी छाती फुगवून चौफेर पाहिलं. "इंजिनात काडीचा दोष न्हाई! सर्व्हिसिंग म्हनतात ते ह्याला!" आणि त्यांनी ग्रुपवर तसा निरोपही बोलून टाकला. शाबासकीच्या उभ्या अंगठ्यांचा पाऊस पडला.

"चला, बसा दोगी," ते म्हणाले. "हितनं जतचा पंप उलट्या दिशेला. तिकडं कशाला जायाचं? बाटलीभर हाय, उताराला न्यूट्रल टाकत कवठेमहांकाळपर्यंत आरामात जातोय. ग्रुपवर एकानं सांगितलंय."

बनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी लुगडं खोचलं, सरळ चालत टँकरपाशी गेल्या आणि पायरीवर पाय ठेवून केबिनमध्ये चढल्या.

"ये पोरी," त्यांनी वरून हात दिला. "ह्याच्यातलं पानी संपलंय, पर डिझेल तरी हाय. कवठ्यास्नं यष्टीनं जाऊ."

सृष्टी लगेच चढली. सोनियाच्या जांभळ्या साडीत, अनवाणी, हातात चपला. मागे मामांनी एकट्यानं गाडीची दारं लावली आणि ऐटीत हॉर्न वाजवला.

तौसीफनं चाव्या हातात घेतल्या, आरशात मागे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "चाची, मागचा दोर अजून गाडीलाच बांदलेला हाय. सोडून येऊ का?"

बनुबाई सीटवर नीट मांडी घालून बसल्या.

"ऱ्हाऊ द्ये बाबा," त्या म्हणाल्या. "ने बांधूनच."